तीनचाकीची पारख

धनंजय कापगतेने आपल्या पोरासाठी पहिली तीनचाकी घ्यायचे ठरवले आणि सगळ्यात आधी एक तक्ता तयार केला. तो साकोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे तक्त्यात बसल्याशिवाय त्याला कोणतीही गोष्ट खरी वाटत नसे. तक्त्यात सव्वीस सायकली होत्या. त्यांच्यापुढे चाकाचा व्यास, सीटची उंची, पॅडलची पकड, रंग उडण्याची शक्यता आणि 'इतर' असे रकाने होते. 'इतर'मध्ये काय भरायचे यावर नवरा-बायकोत दोन संध्याकाळी वाद झाला. ज्याच्यासाठी हे सगळे चालले होते त्या दोन वर्षांच्या गोलूने तेवढ्या वेळात घरातले चार चमचे मोरीच्या भोकातून वाटेला लावले.

गोलूची आई तृप्ती तक्ते करत नसे. ती मोबाइलवर मातांच्या एका गटात होती. गटात एकशे ऐंशी माता होत्या आणि प्रत्येकीचे मूल इतर एकशे एकोणऐंशी मुलांच्या आधी चालायला लागले होते. गटाचे म्हणणे असे, की पहिल्या सायकलीवरून मुलाचा आत्मविश्वास ठरतो. सायकल चुकली, की मूल पुढे गणितात कच्चे राहते. एका मातेने तर हे प्रत्यक्ष पाहिले होते, दिराच्या मुलाच्या बाबतीत.

तिसऱ्या आठवड्यात धनंजयने एक सायकल मोबाइलवरूनच मागवायचे नक्की केले. बोट बटणावर टेकणार, तेवढ्यात सपरीतून, म्हणजे पुढच्या पडवीतून, आवाज आला.

"काहून रे धनू, न पाहताच घेऊन राह्यला का?"

"फोटो आहेत ना बाबा. चारी बाजूनं काढलेले आहेत."

"फोटो पाहून कोणी गाडी घेते का? फोटोत तं मीई बरा दिसतो."

हे टेकचंद कापगते, धनंजयचे वडील. वय बहात्तर. एके काळी सानगडीच्या आसपासच्या पंचवीस गावांत टेकचंदांना बरोबर नेल्याशिवाय कोणी बैलजोडी घेत नसे. लोक त्यांना बैलबंडीत बसवून बैलबाजारात नेत, चहा पाजत, चिवडा खाऊ घालत. टेकचंद बैलाभोवती एक चक्कर मारत आणि 'घे' किंवा 'सोड' एवढेच म्हणत. मग गावोगाव ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरचे दात पाहायला कोणी जाणकार नेत नाही. गेल्या चौदा वर्षांत एकाही माणसाने टेकचंदांना कुठे नेले नव्हते. याचे त्यांना फार वाईट वाटे, आणि ते वाईट वाटणे ते घरातल्या प्रत्येक बाबतीत मत देऊन भरून काढत. वरणाची फोडणी, मोबाइलचे कव्हर, शाळेचे वेळापत्रक, पंख्याने कोणत्या बाजूने फिरावे, सगळ्यावर त्यांचे मत तयार असे.

"गाडी मी निवडन," टेकचंद म्हणाले. "तीन चाकं असो का चार पाय असो, पारखाची रीत एकच राह्यते."

"बाबा, हे बैल नाई. याच्यात सुरक्षिततेचे निकष राह्यतात."

"माह्या निवडलेल्या बैलानं कोणाले शिंग मारलं का? नाव सांग. एक तरी नाव सांग." धनंजय पुन्हा मोबाइलकडे वळला. त्यामुळे टेकचंदांना आणखी चेव आला. "मी अशी गाडी निवडन का पोरगं तिच्यावर बसून लग्नाले जाईन. अन् माही पारख फसली, तं आजपासून या घरात कोण्याच गोष्टीत मी तोंड घालणार नाई."

धनंजयने मोबाइल हळूच खाली ठेवला. तृप्ती स्वयंपाकघराच्या दारात आली. शकुंतलाबाई, टेकचंदांच्या पत्नी, तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांचा हात थांबला.

"कोण्याच गोष्टीत?" शकुंतलाबाईंनी विचारले.

"कोण्याच."

"वरणाच्या फोडणीतई?"

"फोडणीतई नाई. टेकचंद कापगतेचा शब्द आहे."

"मंग बाबाच निवडतीन," धनंजय घाईघाईने म्हणाला. तीन आठवड्यांची मेहनत त्याने एका क्षणात सोडून दिली. वडिलांवर इतका विश्वास त्याने आयुष्यात कधी दाखवला नव्हता. तृप्तीने तर सासऱ्यांना न मागता चहा आणून दिला आणि त्यात साखर किती, यावर त्यांचे मत शांतपणे ऐकून घेतले. थोडेच दिवस ऐकायचे होते.

रविवारी धनंजय, टेकचंद आणि गोलू मोटारसायकलवर साकोलीला भैय्याजीच्या दुकानात गेले. भैय्याजीच्या वडिलांची शेवटची जोडी टेकचंदांनीच निवडून दिली होती, म्हणून त्याने उठून पाया पडून स्वागत केले आणि सोळा तीनचाक्या ओळीने मांडल्या. हा आदर किती महागात पडणार याची त्याला कल्पना नव्हती.

टेकचंद जवळ गेले नाहीत. दहा पावलांवर उभे राहून त्यांनी डोळे बारीक केले.

"मागून दाखव."

"मागून का दिसते, आबाजी? समोर चेहरा आहे, हत्तीचा."

"माणूस समोरून पाहाव, जनावर मागून."

भैय्याजीने सोळाच्या सोळा सायकली फिरवून ठेवल्या. मग टेकचंद पुढे सरकले. एकीचे सीट त्यांनी अंगठ्याने दाबले आणि म्हणाले, "वशिंड पोकळ आहे." दुसरीचे पॅडल उचलून खालून पाहिले. "खूर फाटन." तिसरीच्या हँडलवर एक बटण होते. ते दाबताच ती जोरात गाणे म्हणू लागली, आणि काही केल्या थांबेना.

"हे काहून हंबरून राह्यली?"

"संगीत आहे, आबाजी. लेकरं खूश राह्यतात."

"जे जनावर विनाकारण हंबरते ते कामाले आळशी राह्यते. बाजूले कर."

दुकानात एक तरुण जोडपे अशीच सायकल घ्यायला हातात धरून उभे होते. त्यांनी ती हळूच खाली ठेवली आणि ते बाहेर निघून गेले. भैय्याजीने त्यांच्या पाठीकडे पाहत मोठा श्वास घेतला. चौथी जरा बरी वाटली, तशी किमतीसाठी टेकचंदांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि भैय्याजीचा हात त्याखाली ओढून घेतला. बैलबाजारात किंमत कधी तोंडाने बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली बोटे दाबून ठरवतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही.

"आबाजी, किंमत चिठ्ठीवर लिहून आहे," भैय्याजी कसाबसा म्हणाला.

"ते लोकायसाठी. तू बोटं बोल."

भैय्याजी बोटे बोलला. टेकचंदांनी त्यातली दोन मोडून परत केली. पाच मिनिटे दोघे छताकडे पाहत एकमेकांचा हात धरून उभे होते, आणि रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघत होते. गोलूने त्या वेळात हवा भरायच्या पंपाची नळी तोंडात घालून पाहिली. धनंजय मात्र मोबाइलवर तृप्तीला एवढेच कळवत होता, की सगळे उत्तम चालले आहे, पारख नक्की फसेल.

अखेर भाव जमला नाही आणि सोळाही सायकली बाद झाल्या. टेकचंद परत फिरणार, तोच त्यांची नजर दुकानाच्या मागच्या खोलीकडे गेली. तिथे दाराशी लोखंडाची एक जुनी, काळी, जड तीनचाकी उभी होती.

"अन् ते?"

"ते विकाले नाई, आबाजी. दार अडवाले ठेवली आहे. हवा आली का दार आपटते."

"किती वर्षं झाले?"

"बाबूजी होते तवापासून आहे."

टेकचंदांच्या चेहऱ्यावर चौदा वर्षांनी तेज आले. "इतके वर्षं दार धरून उभी आहे. एक दिवस बसली नाई, एक दिवस कण्हली नाई. अन् तू हे मागं बांधून ठेवतं, अन् समोर नाचे बैल मांडतं? हेच पाह्यजे."

बैलबाजारात बैल बोलीवर देतात. घेणाऱ्याने आठ दिवस हाकून पाहायचा. जुवाखाली बसला किंवा काही खोड निघाली, तर परत. टेकचंदांनी सायकलही बोलीवर मागितली. भैय्याजीने केवळ दुकान मोकळे व्हावे म्हणून होकार दिला. "नाई जमली तं परत पाठवा, आबाजी. मी दुसऱ्या दोन पाठवून देतो, घरच्या लोकायनं त्यातली एक ठेवून घेवा." ते जाताच वाऱ्याने मागचे दार आपटले, आणि दिवसभर आपटत राहिले.

टेकचंदांनी पुन्हा काहीतरी निवडले, ही बातमी गावात कशी पसरली ते सांगता येत नाही. टेकचंद स्वतः घरोघर जाऊन सांगत होते, एवढे मात्र खरे. दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, चाळीस-पन्नास माणसे जमली. धान घरात आले होते, कोणाला काही काम नव्हते. एकच माणूस आला नाही. तो म्हणजे श्यामराव. श्यामराव हे गावातले दुसरे बैलपारखी. टेकचंद ज्या बैलाला 'घे' म्हणत त्याला श्यामराव तीस वर्षे 'सोड' म्हणत आले होते. पारीच्या उताराखालीच त्यांचे घर होते. आपल्याला या पोरखेळात काही रस नाही हे दाखवण्यासाठी ते मुद्दाम अंगणात पारीकडे पाठ करून चहा पीत बसले होते. त्यांच्या शेजारी बाजेवर त्यांच्या पत्नी चंद्रकांताबाईंनी कोहळ्याच्या वड्या वाळत घातल्या होत्या.

तृप्ती गोलूला सायकलीवर बसवायला निघाली.

"थांब!" टेकचंद ओरडले. "नवीन जनावरावर पहिल्याच दिवशी पोरगं बसवतेत का? आधी ओझं लावून हाकून पाहा लागते."

त्यांनी सीटवर धानाचे पोते बांधले. गोलूच्या दुपटीने वजन भरले, कारण बैल नेहमी दुपटीवर तपासतात. हँडलला कासरा बांधला, स्वतः मागे उभे राहिले, जिभेने टक् टक् आवाज केला आणि सायकलीच्या मागच्या पट्टीवर थाप मारली.

सायकल निघाली. पाच-सहा पावले ती अगदी गुणी बैलासारखी चालली आणि लोकांनी 'वा' म्हटले. मग पारीचा उतार लागला. सायकल धावू लागली, मागून टेकचंद धावू लागले. कासरा ताणला गेला. आता कोणत्याही माणसाने कासरा घट्ट धरला असता. पण टेकचंदांनी आयुष्यभर शेकडो लोकांना एकच गोष्ट शिकवली होती: जनावर उधळले, तर कासरा सोडायचा, नाहीतर ते फरफटत नेते. त्यांनी कासरा सोडला.

"होऽ! होऽ! थांब!" ते ओरडले. सायकलीचे संगोपन सायकलीच्या दुकानात झालेले असल्याने तिला काही कळले नाही. तृप्तीच्या कडेवर बसून गोलूने आनंदाने टाळ्या वाजवल्या. सायकल उतार संपवून, कुंपणाच्या काड्या मोडून, श्यामरावांच्या अंगणात शिरली आणि बाजेवर आदळली. बाजेचा एक पाय गेला, पोते फुटले, वड्या उडाल्या. गावातल्या कोंबड्यांना असा दिवस पुन्हा मिळणार नव्हता, आणि ते त्यांना बरोबर समजले.

"अवो माय, माह्या वड्या!" चंद्रकांताबाई धावत आल्या. "दोन दिवस झाले मी कोहळा किसून राह्यली होती!"

टेकचंद धापा टाकत पोचले. त्यांनी आधी सायकल उभी केली, मग चाके फिरवून पाहिली. "पाह्य! पाह्य सगळेजण! एक खिळा हलला नाई. असं जनावर भेटते का कुठं?"

श्यामराव सावकाश उठले. त्यांच्या टोपीवर एक वडी होती, धोतरावर चहा होता. त्यांनी सायकलीभोवती एक चक्कर मारली.

"टेकचंद, जनावर मजबूत आहे," ते म्हणाले. "पण खोडील आहे."

बैलाच्या धंद्यात याच्यावर अपील नसते. बैल अशक्त निघाला तर चारा घालता येतो, म्हातारा निघाला तर सांभाळता येतो. खोडील बैल निवडणाऱ्याला मात्र पुन्हा कोणी विचारत नाही. टेकचंदांचा चेहरा उतरला. त्यांनी कासरा गोळा केला, नीट गुंडाळला आणि कोणाकडे न पाहता ते घरी गेले. सपरीत बाजेवर बसून म्हणाले, "आजपासून माहं तोंड बंद." त्यांचा आवाज इतका बारीक होता, की धनंजयला घटकाभर वाईट वाटले. घटकाभरच.

त्या दिवशी घरात सण होता. वरणाला कोणाच्याही सल्ल्याशिवाय फोडणी पडली. पंखा वाटेल तसा फिरला. तृप्तीने चंद्रकांताबाईंना कोहळा किसून द्यायचे कबूल केले तेही तिला जड वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी भैय्याजीने कबूल केल्याप्रमाणे काळी सायकल परत नेली आणि दोन नव्या पाठवल्या. एक लाल, एक निळी. "जे नोको ते आठ दिवसांत परत करा," असा निरोप होता. आता घर मोकळे होते, सल्ला द्यायला कोणी नव्हते, निवडायचे फक्त दोनातून होते. धनंजयने तक्ता काढला. लालला एक्केचाळीस गुण मिळाले. निळीलाही एक्केचाळीस मिळाले. तृप्तीने गटाला विचारले. नव्वद माता लाल म्हणाल्या, नव्वद निळी, आणि त्यांच्यात भांडण होऊन गटाचे दोन गट झाले.

"मले तं निळी बरी वाटते," तृप्ती म्हणाली.

धनंजयलाही निळीच बरी वाटत होती. पण तृप्ती निळी म्हणताच तो घाबरला. उद्या पोरगे पडले, तर दोघांचीही चूक ठरणार. "मले लाल ठीक वाटते," तो म्हणाला. तृप्तीने विचार केला, लाल घेतली आणि चांगली निघाली तर हा जन्मभर ऐकवेल. म्हणून तीही लालवर आली. त्याबरोबर धनंजय निळीवर गेला. असे चार दिवस चालले. दोन्ही सायकली अंगणात प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभ्या होत्या आणि हात लावला तर परत घेणार नाहीत म्हणून गोलूला अंगणात जायला बंदी होती. तो दिवसभर दाराशी उभा राहून रडत असे.

पाचव्या दिवशी तृप्ती खाली बसली आणि सपरीतल्या सासऱ्यांकडे पाहत हळूच म्हणाली, "अहो, मामाजी बोलत होते तवाच बरं होतं."

"काहून?"

"तवा आपुन का करत होतो? मामाजीले विचारत होतो, अन् त्यायच्या उलटं करत होतो. कसं पटकन होत होतं!"

धनंजय चमकला. खरेच होते. दोघांचे लग्न झाल्यापासून या घरात प्रत्येक निर्णय याच पद्धतीने झाला होता. टेकचंदांनी एक पंप सुचवला की दुसरा घ्यायचा. टेकचंद म्हणाले पाऊस येणार नाही, की धान झाकायचे. ही पद्धत कोणी ठरवली नव्हती, पण तिच्यावर सगळे घर उभे होते. आता तो खांबच मुका झाला होता.

दोघे सपरीत गेले. "बाबा, लाल का निळी?"

टेकचंदांनी तोंड उघडले आणि म्हणाले, "माहं तोंड बंद आहे."

"मामाजी, तुमी म्हणान ते आमी ऐकू," तृप्ती म्हणाली. तिला स्वतःलाच हसू येईल इतके ते खोटे होते. टेकचंदांनी भिंतीकडे कूस केली.

दुपारी शकुंतलाबाई त्यांना पाण्याचा तांब्या द्यायला आल्या. जाता जाता अंगणाकडे पाहून म्हणाल्या, "निळी कशी साजरी दिसते बापा! लाल तं मले डोळ्यासमोर नोको. फालतूच आहे."

टेकचंदांनी तोपर्यंत त्या सायकलींकडे धड पाहिलेही नव्हते. पण बायकोला बैल कोणता आणि रेडा कोणता हेही कळत नाही, यावर त्यांचा लग्नापासून विश्वास होता. त्यांनी मान वर करून लाल सायकलीकडे पाहिले. चाके रुंद होती, बूड जमिनीला जवळ, मागचा भाग भरलेला. उतारावरही उलटायची नाही. ही तर जातिवंत होती! आणि बायको म्हणते फालतू. लालच आली पाहिजे हे त्यांच्या मनाने त्या क्षणी घेतले. पण तोंड बंद होते. आणि बोलले असते तरी काय उपयोग? आपण 'घे' म्हटले की घरात 'सोड' होते, हे त्यांना कळत नव्हते असे थोडेच आहे? कळत होते. रोज कळत होते, आणि रोज थोडे दुखतही होते.

तिकडे स्वयंपाकघरात शकुंतलाबाई मुलाला म्हणाल्या, "बोलत नाईत तं नोको बोलू दे. दोन्ही गाड्या त्यायच्या समोर नेऊन ठेव. तोंड बंद आहे, डोळे तं उघडे आहेत ना. पाह्यतीन कोण्या तरी गाडीकडे."

संध्याकाळी चहाच्या वेळी धनंजयने दोन्ही सायकली सपरीत आणून टेकचंदांच्या समोर ठेवल्या आणि वर्तमानपत्र वाचण्याचे नाटक करत बसला. वर्तमानपत्र उलटे होते. तृप्ती दाराआडून पाहत होती. टेकचंदांना दोन मिनिटांत सगळे समजले. हा तर बाजारच होता. आणि बाजाराचा पहिला धडा पोरालाही माहीत असतो: जो बैल पाहिजे, त्याच्याकडे पाहायचे नाही.

त्यांनी लालकडे पाठ फिरवली. निळीकडे ते पाहतच राहिले. चहा निवला तरी पाहत राहिले. मग इकडेतिकडे बघून, जणू कोणाचे लक्ष नाही असे समजून, त्यांनी हात लांब केला आणि निळीच्या हँडलवरून मायेने फिरवला. वर एक उसासाही सोडला.

धनंजय आणि तृप्तीने एकमेकांकडे पाहिले. पाच मिनिटांच्या आत निळी सायकल मोटारसायकलच्या मागे बांधली गेली आणि साकोलीकडे रवाना झाली.

लाल सायकल मात्र खरोखर गुणी निघाली. गोलू पहिल्याच दिवशी तिच्यावर बसला, पायाने जमीन रेटत त्याने अंगणाच्या सात फेऱ्या मारल्या आणि उतरायला सांगितल्यावर आईला चावला. शेजारीपाजारी येऊन पाहून गेले. "गुरुजीनं चांगली निवड केली," असे सगळे म्हणाले. धनंजय नम्रपणे म्हणाला, की अभ्यास करावा लागतो. तृप्तीने गटावर फोटो टाकला. श्यामराव स्वतः आले, लालभोवती चक्कर मारली आणि टेकचंदांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "याले म्हणतेत पारख."

टेकचंद बाजेवर बसून हे सगळे ऐकत होते. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात देखणी खरेदी त्यांनी एक शब्द न बोलता केली होती, आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती. सांगितली, की पुढच्या वेळी घर सावध झाले. पोटात गोष्ट न ठरणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. त्यांनी तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी दुपारी घरात शकुंतलाबाईंशिवाय कोणी नव्हते. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. टेकचंद त्यांच्याजवळ सरकले.

"अवं, ऐक. कोणाले सांगू नोको. लाल गाडी माही निवड आहे."

"असं का?" शकुंतलाबाई सुपातले खडे वेचत म्हणाल्या.

"निळीकडे पाहून मी पोट्ट्याले बनवलं. त्याले वाटलं, बाबाले निळी पाह्यजे. बैलबाजारातला डाव आहे हा. तुले नाई समजायचा."

"मले कायले समजन? त्या दिवशी पाणी देताना मी तुमाले का म्हणलं होतं?"

"तू तं म्हणलं लाल फालतू..." टेकचंद बोलता बोलता थांबले. सूप एका लयीत वाजत राहिले. मग त्यांनी विचारले, "म्हणजे तुलेच लाल पाह्यजे होती?"

"पोरगं खाली पडू नये म्हणून. बूड रुंद आहे ना तिचं."

"अन् मंग तलावाकाठची धानाची बांधी? मी घ्यायची म्हणलं तवा तू तीन दिवस जेवली नवती."

"चांगलीच होती बांधी. मी 'घ्या' म्हणलं असतं तं तुमी घेतली असती का?"

"अन् तृप्ती? तिले पाह्याले गेलो तवा तूच म्हणलं होतं ना, का पोरगी लय शिकलेली आहे, आपल्याले नाई जमायची?"

शकुंतलाबाईंनी सूप आपटून कोंडा उडवला. टेकचंदांच्या डोळ्यासमोरून घर, शेत, विहीर, सून अशा आपल्या सगळ्या निवडी एकामागून एक निघून गेल्या. शेवटी त्यांना एक आठवली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"पण तुले पाह्याले आलो होतो तवा तं तू एक शब्दई बोलली नवती," ते विजयाने म्हणाले. "तेवढी तं माही स्वतःची पारख होती का नाई?"

"मी कायले बोलू? तवा माही माय बोलली होती तुमच्याशी."

"का बोलली होती?"

"'पोरगी लय डोक्याची आहे, तुमाले झेपायची नाई. दुसरीकडे पाहा,'" शकुंतलाबाई म्हणाल्या आणि निवडलेले तांदूळ डब्यात भरायला उठल्या.